कॅथलिक शाळेतली एक टर्म: दोन कॅलेंडरं आणि मधली मुलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी यंदा सहावीला कॅथलिक शाळेत गेली, घरात कुणी ख्रिस्ती नाही, आणि टर्मच्या सुरुवातीला हातात पडलेल्या वेळापत्रकात धड्यांपेक्षा कार्यक्रमच जास्त दिसतात. मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना), रिट्रीट, सेवेचे तास, शाळेच्या संताचा सण, हाउसच्या स्पर्धा, नाटक. यात प्रत्यक्ष घडतं काय, तिला त्यात जागा कोणती, आणि अभ्यासाचं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी चोवीस वर्षं अशा शाळांमध्ये गणित शिकवलं. तीन शाळा, तिन्ही वेगवेगळ्या संघांच्या, म्हणजे फादर, ब्रदर किंवा सिस्टर यांच्या वेगवेगळ्या संस्थांच्या. शेवटची अकरा वर्षं उपक्रमांचं वेळापत्रक लावायचं कामही माझ्याच गळ्यात होतं. मी स्वतः कॅथलिक नाही. पहिल्या मिस्सेला कधी उठायचं आणि कधी बसायचं हे मी पुढच्या बाकावरच्या तिसरीतल्या मुलींकडे चोरून बघत शिकले. त्या चुकल्या की मीही चुकायचे. त्यामुळे तुमची धाकधूक मला नवीन नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे ते वेळापत्रक वाचता येईल. अशा शाळेत दोन कॅलेंडरं एकावर एक ठेवलेली असतात. एक धड्यांचं आणि परीक्षांचं. ते बहुतेक जागच्या जागी असतं. दुसरं उपासनेचं, ते दर वर्षी सरकतं. राखेचा बुधवार म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. २०२४ साली तो १४ फेब्रुवारीला आला, २०२५ साली ५ मार्चला. ईस्टरचा, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाचा, रविवार २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो आणि राखेचा बुधवार त्याच्या ४६ दिवस आधी. (उपवासकाळ चाळीस दिवसांचा म्हणतात, कारण मधले सहा रविवार मोजत नाहीत. हे कोडं मी दर वर्षी सातवीला घालायचे, आणि दर वर्षी कुणीतरी सहाऐवजी सात रविवार वजा करायचं.) म्हणजे एका वर्षी उपवासकाळाची सुरुवात चाचणी परीक्षेच्या डोक्यावर येऊन बसते, दुसऱ्या वर्षी ती चाचणी संपून महिना झालेला असतो. वेळापत्रक विस्कटलेलं दिसतं त्याचं निम्मं कारण हे. उरलेलं निम्मं कारण म्हणजे माझ्यासारखी माणसं.

कुठल्या देशात शाळा कधी सुरू होते यावर टर्मचा सगळा रंग ठरतो. सप्टेंबरला वर्ष सुरू होत असेल तर पहिल्या टर्ममध्ये १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण आणि २ नोव्हेंबरचा मृतांच्या स्मरणाचा दिवस येतो, मग नाताळच्या आधीचे चार रविवार धरून आगमनकाळ. त्या टर्मला एक चढण असते, शेवटी नाताळचं नाटक असतं आणि मुलं आपोआप तिकडे ओढली जातात. ऑस्ट्रेलियासारखं वर्ष जानेवारीच्या शेवटी सुरू होत असेल तर पहिल्या टर्मचा मोठा भाग उपवासकाळात जातो. नव्या वर्गाची, नव्या मैत्रिणींची ओळख व्हायच्या आत जांभळे पडदे लागलेले असतात. उपासनेचे रंग कळले की टर्म कळते: एरवी हिरवा, आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळा, मोठ्या सणांना पांढरा, हुतात्म्यांच्या दिवशी आणि पेंटेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला) लाल. मुलगी घरी येऊन म्हणाली, आज चॅपेलमधलं कापड बदललं, तर समजा की शाळेची घाई वाढणार किंवा ओसरणार.

दुसरी गोष्ट, शाळा कुणाची आहे ते विचारा. "कॅथलिक" म्हणजे सगळं एकसारखं असं नसतं. जेझुइटांची (येशूसंघी फादरांची) शाळा असेल तर बोलणं भरपूर. त्यांचा संघ १५४० चा, सर्वसामान्य विद्यार्थ्यांसाठी पहिली शाळा १५४८ साली सिसिलीतल्या मेसिनाला, आणि १५९९ साली त्यांनी ‘रेशिओ स्टुडिओरम’ नावाची नियमावलीच छापली. रोजची उजळणी, वादविवाद, एकमेकांच्या चुका पकडायच्या चढाओढी. जुन्या वर्गांचे दोन तट करून एकाला रोम आणि दुसऱ्याला कार्थेज म्हणत. ते वळण अजून गेलेलं नाही. नाटक आणि वक्तृत्व तिथे हौसेपुरतं नसतं, अभ्यासाचाच भाग असतं. सालेशियनांची, म्हणजे डॉन बॉस्को या फादरांनी काढलेल्या संघाची, शाळा असेल तर मैदानाकडे बघा. डॉन बॉस्को लहानपणी कसरती आणि हातचलाखी करून मुलं गोळा करायचे, आणि शिक्षकाने मधल्या सुट्टीत मुलांमध्येच असावं यावर त्यांचा फार भर होता. तिथे फादर घामाघूम होऊन व्हॉलीबॉल खेळताना दिसले तर ती त्यांची ड्यूटीच आहे. ला सालच्या ब्रदरांच्या शाळेत तासाच्या आधी सगळे क्षणभर थांबतात, "आपण देवाच्या सान्निध्यात आहोत" एवढं म्हणतात आणि लगेच फळ्याकडे वळतात. याच ला साल यांनी सतराव्या शतकाच्या शेवटी वाचन लॅटिनऐवजी मुलांच्या बोलीच्या भाषेतून सुरू केलं, मुलांना एकेकटं न शिकवता अख्ख्या वर्गाला एकत्र शिकवायची पद्धत रुळवली. चर्चने १९५० साली त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत ठरवलं. आणि बऱ्याच शाळा कुठल्याच संघाच्या नसतात, त्या गावातल्या चर्चला जोडलेल्या असतात. तिथे टर्म पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या भाविकांच्या, तालावर चालते. चर्चमध्ये रंगकाम निघालं की क्वायरची (गाणाऱ्या गटाची) तालीम जिन्यात.

हाउस, क्रीडादिन, विज्ञान प्रदर्शन यावर काही लिहीत नाही. ते कुठल्याही शाळेसारखंच. फरक इतकाच की हाउसना संतांची नावं असतात आणि हरलेली मुलं आपल्या संतावर रुसतात.

मिस्सेबद्दल मात्र सविस्तर, कारण तुमची खरी काळजी तिथे आहे. श्रद्धा कुणावर सक्तीने लादायची नाही, हे खुद्द चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत कलम ७४८ मध्ये लिहिलेलं आहे, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावर स्वतंत्र जाहीरनामाच काढला. व्यवहारात त्याचा अर्थ असा की शाळा मिस्सेला हजर राहायला सांगू शकते, पण प्रार्थना म्हणायला, गुडघे टेकायला किंवा क्रूसाची खूण करायला भाग पाडत नाही. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, सगळे बसले की बसायचं, तोंड मिटून ठेवलं तरी कुणी विचारत नाही. विचारलंच तर ती त्या शिक्षकाची चूक, मुलीची नव्हे.

एकच गोष्ट तिला पहिल्या मिस्सेच्या आधी नीट सांगा: कम्युनियन, म्हणजे मिस्सेत वाटली जाणारी पवित्र भाकर, घ्यायचं नाही. ते फक्त कॅथलिकांसाठी, तेही पहिलं कम्युनियन झालेल्यांसाठी. माझ्या वर्गात एक नवा मुलगा होता. बाक रिकामा व्हायला लागला तसा तोही सगळ्यांच्या मागे रांगेत गेला, हातावर पडलेली ती पातळ पांढरी चकती घेतली, काय करायचं ते कळेना म्हणून खिशात टाकली. कॅथलिकांसाठी ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर. तेव्हा पुढची दहा मिनिटं कशी गेली ते विचारू नका. सिस्टर त्याच्या मागोमाग आल्या, हळू आवाजात बोलल्या, खिसा रिकामा झाला, कुणी ओरडलं नाही. पण त्या पोराचे कान दुपारपर्यंत लाल होते आणि दोष पूर्णपणे आमचा होता, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बहुतेक शाळांमध्ये दोन पर्याय असतात: जागेवर बसून राहायचं, किंवा रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे, म्हणजे फादर नुसता आशीर्वाद देतात. तुमच्या शाळेत काय चालतं ते वर्गशिक्षिकेला विचारून ठेवा.

मग तिला जागा कुठे? मिस्सेतली बायबलची वाचनं सहसा कॅथलिक मुलांकडेच राहतात. बाकी पुष्कळ कामं मोकळी असतात: क्वायर, वाद्यं, सजावट, परिपाठातली छोटी प्रार्थनासभा, सणाच्या आठवड्याचं भित्तिपत्रक. माझा अनुभव विचाराल तर शाळा कशी आहे हे किती उपक्रम आहेत यावरून कळत नाही. ही बारीकसारीक कामं कुणाला मिळतात ते बघा. दर वेळी माइकसमोर त्याच चार मुली उभ्या असतील तर वेळापत्रक कितीही भरलेलं असो, उरलेली साडेतीनशे मुलं प्रेक्षक आहेत.

याच कारणाने मी प्रार्थनासभेच्या वाचनासाठी मुद्दाम मागच्या बाकावरची मुलं घ्यायचे. एकदा त्याची चांगलीच फजिती झाली. उपासनेच्या पुस्तकांमध्ये म्हणायचे शब्द काळ्या शाईत आणि कृतीच्या सूचना लाल शाईत छापतात. आम्ही झेरॉक्स काढली आणि सगळंच काळं झालं. पाचवीतला एक मुलगा, कधी कुणासमोर न बोललेला, कागद घट्ट धरून स्पष्ट आवाजात वाचत गेला: "हे प्रभो, आमच्या शाळेवर कृपा कर. इथे सर्वांनी उभे राहावे." आणि सगळी शाळा उभी राहिली. तो दचकला, पण थांबला नाही: "थोडा वेळ शांतता." शांतता झाली. "आता खाली बसावे." सगळे बसले. मुख्याध्यापिकांनी तोंडावर रुमाल धरला होता. त्या मुलाला मात्र शेवटपर्यंत वाटलं की आपण फार छान वाचलं, आणि एका अर्थी त्याचं बरोबरच होतं. त्या दिवसापासून मी झेरॉक्सवर सूचनांखाली नागमोडी रेघ मारायला लागले.

राखेच्या बुधवारचं तुम्ही वेगळं विचारलंय. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून ती राख करतात. काही शाळांमध्ये मुलांना घरून जुन्या झावळ्या आणायला सांगतात. धातूच्या बादलीत त्या जळतात, राख चाळणीतून गाळतात, आणि वाऱ्याची दिशा चुकली की चौथीच्या वर्गात धूर. मग कपाळावर राखेचा क्रूस. हा चर्चच्या सात संस्कारांपैकी, म्हणजे बाप्तिस्मा, कम्युनियन यांसारख्या मुख्य विधींपैकी, नाही, त्यामुळे राख कुणालाही लावून घेता येते आणि कुणालाही नाही म्हणता येतं. तिच्यावर सोडा. खेळाच्या तासानंतर निम्म्या कपाळांवर नुसता काळा फराटा उरलेला असतो. २०२४ साली हा दिवस नेमका व्हॅलेंटाइन डेला आला होता. कपाळाला राख आणि दप्तरात गुलाबी कार्ड, असं दृश्य नेहमी बघायला मिळत नाही.

उपवासकाळाच्या तीन गोष्टी सांगतात: प्रार्थना, उपवास, दान. पहिल्या दोन शाळेला बऱ्या जमतात. दानाचं गणित बिघडतं. वर्गात एक डबा ठेवतात, मुलं खाऊचे पैसे वाचवून त्यात टाकतात, जमलेली रक्कम कुठल्यातरी संस्थेला जाते. इथवर ठीक. मी काम हातात घेतलं त्या वर्षी आम्ही भिंतीवर तक्ता लावला: कुठल्या वर्गाचे किती जमले. दुसऱ्या आठवड्यात एका वर्गाचा आकडा एकदम उडाला, कारण एका वडिलांनी चेक पाठवला होता. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी डब्यात नाणं टाकताना तळहाताची ओंजळ करून झाकत होती, नाणं लहान होतं म्हणून. मी त्याच संध्याकाळी तक्ता काढून टाकला. तुमच्या शाळेत असा तक्ता असेल तर तुम्ही चेक पाठवू नका, एवढी विनंती.

सेवेच्या तासांचंही असंच. वरच्या वर्गांना टर्ममध्ये ठरावीक तास भरायचे असतात आणि वहीवर सही आणायची असते. सह्या गोळा करण्यात मुलं फार लवकर तरबेज होतात. एका दिवसात तीन ठिकाणी जाऊन फोटो काढून आलेल्या गटापेक्षा मला एकाच वृद्धाश्रमात सहा शनिवार गेलेला मुलगा जास्त आठवतो. त्याला एक आजोबा दिले होते, ज्यांना वर्तमानपत्र वाचून हवं असायचं. पोराची अपेक्षा होती की आजोबा जुन्या गोष्टी सांगतील. आजोबांना फक्त खेळांचे निकाल आणि निधनवार्ता हव्या होत्या, त्याही मोठ्याने आणि न अडखळता. चौथ्या शनिवारी वहीत त्याने लिहिलं: "आज यादीत त्यांचे मित्र होते. मी वाचून गेलो आणि मग कळलं. त्यांनी पुढचं वाच म्हणून सांगितलं." मी त्या पानावर शेरा लिहिला नाही, नुसती सही केली. सहावीला हे तास बहुधा नसतात, पण कधी सुरू होतात आणि त्यात सलग एकाच जागी जायची सोय आहे का, ते आत्ताच विचारून ठेवा.

रिट्रीट म्हणजे सहल नव्हे आणि शिबिरही नव्हे. लहान वर्गांना एक दिवस, मोठ्यांना एखादी रात्र. शाळेबाहेर कुठेतरी शांत जागा, फोन जमा, थोडं बोलणं, थोडं गाणं, आणि मधूनमधून कुणाशीच न बोलता एकटं बसायचा वेळ. मुलांना त्याचीच धास्ती असते. पहिली पाच मिनिटं बूट बघण्यात जातात. मग काहीजण चक्क झोपतात, त्यांना उठवायचं नसतं. काही शाळा पालकांकडून मुलांना न कळू देता एक पत्र मागवतात आणि ते रिट्रीटच्या शेवटी त्यांच्या हातात देतात. तुम्हाला मागितलं तर टाइप करू नका, हाताने लिहा, आणि त्यात मार्कांचा विषय काढू नका. मी अशी पत्रं वाटली आहेत. पत्र उघडून आधी ते किती लांब आहे ते बघतात, मग कोपऱ्यात जातात.

जेझुइट शाळा असेल तर रिट्रीटची एक रोजची, अगदी छोटी आवृत्ती असते: एक्झामेन. दुपारच्या सुट्टीनंतर काही मिनिटं दिवे मंद, डोळे मिटलेले. सकाळपासून काय चांगलं झालं, कुठे चुकलं, उरलेल्या दिवसात काय करायचं. पहिल्या आठवड्यात खुसखुस, दुसऱ्यात कुणीतरी शेजाऱ्याला पेन्सिल टोचतं, तिसऱ्यात सवय होते. धार्मिक अंग बाजूला ठेवलं तरी सांगते, एक्झामेननंतर लगेच येणारा गणिताचा तास मला आठवड्यातला सगळ्यात सोपा जायचा. तो तास मिळावा म्हणून मी वेळापत्रकात थोडी लबाडीही केली आहे.

आता अभ्यास. कॅथलिक शाळेतलं शिक्षण त्या भागातल्या इतर शाळांच्या निदान तोडीचं असलंच पाहिजे, असं कायदेसंहितेच्या कलम ८०६ मध्ये म्हटलंय. कलमाने तास वाढत नाहीत, तेव्हा माझ्या वहीतला हिशेब देते. चौदा आठवड्यांची टर्म, आठवड्याला पाच तास, म्हणजे कागदावर ७०. चांगल्या टर्ममध्ये मला ६० मिळाले, वाईटमध्ये ५५. गेलेले तास सारखे विखुरलेले नसतात. ते दोन ठिकाणी ढिगाने जातात: शाळेच्या संताच्या सणाचा आठवडा आणि टर्मअखेरच्या नाटकाच्या आधीचे आठ दिवस. हे दोन आठवडे आत्ताच ओळखून ठेवा. त्या काळात घरी नवीन धडा सुरू करू नका, जुनी उजळणी चालू द्या, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात वही पूर्ण आहे ना ते बघा. उपक्रम दोनच घेऊ द्या, एक वर्षभर चालणारा, क्वायरसारखा, आणि एक टर्मपुरता. तिसरा उपक्रम नेहमी "फक्त दोनच तालमी आहेत" म्हणत दारात येतो.

परीक्षेच्या दिवसांत तिच्या कंपासपेटीत उडणाऱ्या एका साधूचं चित्र सापडलं तर घाबरू नका. ते क्युपर्टिनोचे संत जोसेफ, सतराव्या शतकातले, अभ्यासात यथातथाच. आख्यायिका अशी की परीक्षकाने त्यांना नेमका त्यांना येत असलेला एकच उतारा विचारला. ते परीक्षार्थींचे आश्रयदाते झाले आहेत आणि मुलं त्यांची चित्रं एकमेकांना धर्मजात न बघता उसनी देतात.

एक शेवटची गोष्ट. तुम्ही पाठवलेल्या वेळापत्रकात सहावीची रिट्रीट गुरुवारी आहे आणि गणिताची चाचणी लगेच शुक्रवारी. मी अकरा वर्षांत ही चूक दोनदा केली आहे. कुणीतरी दोन वेगळ्या तक्त्यांवरून तारखा उतरवल्या की असंच होतं, मुद्दाम कुणी करत नाही. ते अजून बदलता येईल. पालकसभेची वाट बघू नका, तिथे विषय निघेपर्यंत दोन्ही होऊन गेलेलं असेल. वर्गशिक्षिकेला आजच दोन ओळींची चिठ्ठी पाठवा, आणि चाचणी सोमवारी घेता येईल का असं विचारा. रिट्रीट पुढे ढकला म्हणू नका. ती जागा महिनोन्महिने आधी ठरवलेली असते.